निवडतो एक, भरतो दुसरा

१३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, एक आदेश काढला आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवून टाकली. साधा धातूचा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये. त्याआधी लेपवाल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजारांच्या घरात होती आणि साध्याची ४५ हजारांच्या. एका रात्रीत हा खर्च चौथाईवर किंवा त्याहून खाली आला. पेशंटच्या घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कंपन्यांनी मात्र आता भारतात नवं तंत्रज्ञान कोण आणेल, असा सूर लावला. काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट बाजारातून काढून घेण्याची परवानगीही मागितली.

त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः नफेखोरीची. ती व्हायलाच हवी होती. एनपीपीएने आदेशाआधी गोळा केलेल्या माहितीत काही स्टेंटवर एकट्या हॉस्पिटलच्या पातळीवरचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत गेलेला दिसत होता. पण या प्रकरणातला खरा विचार करण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. स्टेंटच्या धंद्यात मक्तेदारी नव्हती. अमेरिकेतल्या अ‍ॅबट, मेडट्रॉनिक, बोस्टन सायंटिफिक अशा बड्या कंपन्या होत्या, तशाच सुरतची सहजानंद आणि वापीची मेरिल याही होत्या. विकणारे भरपूर, माल मुबलक, किमतीवर सरकारी बंधन नाही. अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकानुसार अशा बाजारात किंमत उत्पादनखर्चाच्या जवळ यायला हवी. ती वर्षानुवर्षे तिप्पट-चौपट राहिली. माझं म्हणणं असं की स्पर्धा असूनही नव्हे, तर स्पर्धेमुळेच ती तशी राहिली.

हे कसं, ते आकडे कल्पून पाहू. एक कंपनी हॉस्पिटलला २५ हजारांत स्टेंट देते आणि खोक्यावर ८० हजार छापते. दुसरी ३० हजारांना देते, पण खोक्यावर दीड लाख छापते. दोन्ही स्टेंट जवळपास सारखेच. ग्राहक स्वतः निवडत असता तर पहिली कंपनी जिंकली असती. इथे निवडणारं हॉस्पिटल आहे. पहिल्या स्टेंटवर त्याला ५५ हजार सुटतात, दुसऱ्यावर १ लाख २० हजार. उघड आहे, दुसरी कंपनी जिंकते. मग पहिलीला टिकायचं असेल तर तिलाही खोक्यावरचा आकडा वाढवावा लागतो. स्पर्धा चालूच आहे, अगदी जीव तोडून चालू आहे, फक्त ती पेशंटला स्वस्त देण्याची नाही, हॉस्पिटलला जास्त सोडण्याची आहे. तिचं ओझं ज्याच्यावर पडतं तो माणूस त्या वेळी कॅथलॅबच्या टेबलावर आडवा असतो आणि बाहेर त्याच्या मुलाला विचारलं जात असतं, ‘ब्लॉक नव्वद टक्के आहे. इंडियन टाकायचा की इम्पोर्टेड?’ यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं, ‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं. पण चांगल्यातला टाका.’ चांगला कोणता हे ओळखायची एकच खूण त्या मुलापाशी असते, ती म्हणजे किंमत. म्हणजे जी किंमत एरवी गिऱ्हाइकाला मागे सारते, तीच इथे पुढे ओढते.

भाजीबाजारात असं होत नाही, कारण मेथीची जुडी निवडणारी, तिचे पैसे देणारी आणि संध्याकाळी ती कडू की कोवळी हे जाणणारी बाई एकच असते. वैद्यकीय व्यवहारात ही तीन कामं तीन माणसांकडे जातात. निवड डॉक्टर करतो, पैसे कुटुंब, विमा कंपनी किंवा सरकार भरतं, आणि निवड बरोबर होती का हे पुष्कळदा कोणालाच नक्की कळत नाही. ताप गोळीने उतरला की आपोआप, अँजिओप्लास्टी केली नसती तर काय झालं असतं, याचा पडताळा घरी बसून घेता येत नाही.

ही गोष्ट सर्वांत नेमकेपणाने मांडली ती केनेथ अ‍ॅरो या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने. डिसेंबर १९६३मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधातून आरोग्याचं अर्थशास्त्र ही शाखाच उभी राहिली असं मानतात. अ‍ॅरो काही बाजाराचे वैरी नव्हते. विशिष्ट अटी पाळल्या तर मुक्त बाजार कार्यक्षम ठरतो, याची गणिती सिद्धता देणाऱ्यांत ते अग्रभागी होते आणि पुढे १९७२चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणूनच त्या अटी वैद्यकात कुठे कुठे मोडतात हे त्यांना इतरांपेक्षा स्पष्ट दिसलं. आजारपण सांगून येत नाही. विकत घेतलेला उपचार आधी वापरून पाहता येत नाही. विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असते, आणि तो आपल्या फायद्याचा विचार बाजूला ठेवेल या भरवशावरच घेणारा त्याच्यासमोर शर्टाची बटणं सोडतो. डॉक्टरी परवाना, व्यवसायाची नीतिसंहिता, धर्मादाय रुग्णालयं, विमा या साऱ्या गोष्टी बाजार जिथे अडतो तिथे समाजाने उभे केलेले टेकू आहेत, असं अ‍ॅरोंचं म्हणणं. त्यांचं निधन २१ फेब्रुवारी २०१७ला झालं, भारतातल्या स्टेंटच्या आदेशानंतर आठच दिवसांनी. या आदेशाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असण्याची शक्यता कमीच, पण त्यांच्या सिद्धांताला याहून चपखल उदाहरण शोधूनही सापडलं नसतं.

आपल्याकडे या टेकूंपैकी नीतिसंहितेचं काय झालं हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. ‘कट’ हा शब्द इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. गावातला किंवा गल्लीतला डॉक्टर पेशंटला तपासणीसाठी, ऑपरेशनसाठी पुढे पाठवतो आणि पाठवल्याबद्दल बिलातला हिस्सा घेतो. स्टेंटचंच गणित इथेही. पेशंट पाठवणाऱ्याला जो जास्त देईल त्याच्याकडे पेशंट जाणार; मग ते ‘जास्त’ भरून काढायला बिल फुगणार, नाहीतर तपासण्या वाढणार. जो लॅबवाला कट देत नाही आणि तेवढेच पैसे कमी घेतो, तो बाजारातून बाहेर फेकला जातो. पुण्याचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६मध्ये ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात हेच डॉक्टरांच्या तोंडून येतं. व्यवसायातल्याच माणसांनी, नाव देऊन किंवा न देता, हे बोलावं याचं मोल मला पत्रकारांच्या शोधबातमीपेक्षा जास्त वाटतं.

२०१७मध्ये मुंबईतल्या एका नामांकित हृदयरोग रुग्णालयाने रस्त्यावर फलक लावला: आम्ही प्रामाणिक मत देतो, डॉक्टरांना कमिशन देत नाही. बाजार पुस्तकात सांगतात तसा चालत असता तर इतर रुग्णालयांनी महिन्याभरात तसेच फलक लावले असते, कारण प्रामाणिकपणा खपला असता. प्रत्यक्षात डॉक्टरांच्या संघटनेने या फलकावर आक्षेप घेतला. सगळा व्यवसाय बदनाम होतो म्हणून. त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करवून घेतला. मसुदा झाला. कायदा झाला नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग आरोग्यातून बाजार हद्दपारच करा. इतकं सोपं ते नाही, आणि बाजाराची बाजूही नीट ऐकायला हवी. अ‍ॅरोंच्या निबंधाच्या एक वर्ष आधी, १९६२मध्ये, मिल्टन फ्रीडमन यांनी डॉक्टरांना परवाना लागण्याची पद्धतच मोडीत काढावी असं लिहिलं होतं. परवाना पेशंटच्या नावाने मागितला जातो आणि राखतो तो डॉक्टरांची मिळकत, असा त्यांचा मुद्दा. तो टोकाचा आहे, पण फुसका नाही. भारताच्या खेड्यांत तर फ्रीडमनना हवा होता तसा बिनपरवान्याचा बाजार केव्हाचाच भरलेला आहे. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात या बाजाराची परीक्षा घेतली. ठरावीक लक्षणं पढवलेले खोटे पेशंट त्यांनी सरकारी आणि खासगी दवाखान्यांत पाठवले आणि कोणी काय विचारलं, काय तपासलं, काय दिलं याची नोंद ठेवली. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीत आणणारे आहेत. बहुतेक खासगी ‘डॉक्टरां’कडे वैद्यकीय पदवी नव्हती, तरी त्यांनी सरकारी दवाखान्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले आणि योग्य उपचार तितक्याच वेळा सांगितला. जे डॉक्टर सकाळी सरकारी दवाखान्यात आणि संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकमध्ये बसत, ते संध्याकाळी अधिक चांगले डॉक्टर होते. माणूस तोच, पदवी तीच. सरकारी पगाराचा कामाच्या दर्जाशी काही संबंध आढळला नाही, खासगी फीचा आढळला.

सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत ज्यांनी तास काढलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पैसे देणाऱ्या पेशंटकडे लक्ष दिलं जातं, हे बाजाराचं खरंखुरं देणं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जास्त फी जशी योग्य उपचाराबरोबर आढळली, तशीच ती अनावश्यक उपचाराबरोबरही आढळली. पेशंटला डॉक्टरने दिलेला वेळ दिसतो, आस्थेने विचारलेले प्रश्न दिसतात. त्याची तो किंमत मोजतो आणि ती त्याला मिळते. दिलेल्या चार औषधांपैकी दोन कशाला होती हे त्याला दिसत नाही, म्हणून तीही तो विकत घेतो. म्हणजे जेवढं गिऱ्हाइकाला पारखता येतं तेवढ्यापुरता बाजार प्रामाणिक राहतो.

मग पारखणारा गिऱ्हाईक उभा केला तर काय होतं? याचं सर्वांत झगझगीत उदाहरण मुंबईचं आहे. २०००च्या सुमारास एड्सच्या तीन औषधांच्या मिश्रणाचा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव माणशी वर्षाला १० ते १५ हजार डॉलर होता. आफ्रिकेत माणसं मरत होती आणि भाव हलत नव्हता. फेब्रुवारी २००१मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधं ‘मेदसाँ सां फ्रोंतिए’ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. दिवसाला एक डॉलरहूनही कमी. सिप्ला ही काही धर्मादाय संस्था नव्हती. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळत असे, त्यामुळे अनेक भारतीय कंपन्या तेच औषध वेगळ्या वाटेने बनवायला शिकल्या होत्या. हमीदांच्या बोलीनंतर इतर भारतीय कंपन्या उतरल्या, आणि भाव पुढच्या काही वर्षांत आणखी कोसळला. ही निखळ बाजारातली स्पर्धा होती. फरक एवढाच की खरेदी करणारे डॉक्टर होते, मोठमोठे निधी होते, सरकारं होती. त्यांना गोळीत काय आहे ते कळत होतं, आणि कोणत्या कंपनीची गोळी घेतली म्हणून त्यांच्या खिशात काही पडत नव्हतं.

त्याच कंपन्या, त्याच गोळ्या आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये आल्या की त्यांचं वागणं बदलतं. इथे चिठ्ठी डॉक्टर लिहितो, म्हणून कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, डॉक्टरकडे जातो. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषध कंपन्यांना डॉक्टरांवर केलेल्या भेटवस्तूंच्या आणि सहलींच्या खर्चावर करसवलत नाकारली. हा खर्च अखेर औषधाच्या किमतीतून पेशंटच भरतो, हेही न्यायालयाने नोंदवलं. जिथे डॉक्टर ब्रँड लिहीत नाही, तिथे निवड दुकानदाराच्या हाती जाते आणि तो साहजिकच ज्यावर जास्त सुटतं ती पट्टी पुढे करतो. ‘जेनेरिक’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पट्ट्यांवर छापील किंमत ब्रँडेडच्या आसपास का असते, याचं कोडं इथे सुटतं. खोक्यावरचा आकडा तुमच्यासाठी नसतोच, तो दुकानदाराला दाखवलेलं आमिष असतो.

पारखून खरेदी सरकारलाही करता येते. तमिळनाडूने १९९४मध्ये एक महामंडळ काढून सगळ्या सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी एकत्र केली. आवश्यक औषधांची यादी, खुल्या निविदा, नमुन्यांची तपासणी, गोदामांत किती साठा उरला याचा हिशेब. निविदेत मिळणारा भाव आणि त्याच गोळीची दुकानातली छापील किंमत यांत कितीतरी पटींचं अंतर निघालं. पुढे राजस्थान आणि इतर राज्यं त्या वाटेने गेली. महाराष्ट्राने हे काम २०१७मध्ये हाफकिनकडे दिलं. तिथे खरेदीचा घोळ आणि औषधांचा तुटवडा याच बातम्या येत राहिल्या, आणि २०२३मध्ये वेगळं प्राधिकरण काढावं लागलं. त्यामुळे ‘सरकारने खरेदी केली की झालं’ असंही मी म्हणणार नाही. खरेदी करणाऱ्याला खरेदी यावी लागते.

आणखी एक सुखद अपवाद म्हणजे मोतीबिंदू. सरकारी सेवेतून निवृत्त झालेले डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये मदुराईत ११ खाटांचं ‘अरविंद’ नेत्रालय काढलं. आज अरविंद हे जगातल्या सर्वांत मोठ्या नेत्रसेवांपैकी एक आहे. पैसे देणाऱ्यांच्या फीवर फुकटच्या शस्त्रक्रिया निघतात. आयात होणारं कृत्रिम भिंग परवडेना, तेव्हा १९९२मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून ते स्वतःच बनवायला घेतलं आणि त्याची किंमत अनेक पटींनी खाली आणली. अरविंदची सेवावृत्ती मोठी आहेच, पण मोतीबिंदूचा स्वभावही तिला साथ देतो. ऑपरेशन आज केलं काय नि पुढच्या महिन्यात काय, चालतं. चार ठिकाणी चौकशी करायला सवड असते. सगळ्याचा मिळून एकच आकडा आधी सांगता येतो. आणि मुख्य म्हणजे चार दिवसांनी म्हातारीला सुईत दोरा ओवता येतो की नाही हे तिला कळतं, तिच्या गावालाही कळतं. हार्ट अटॅकला, अपघाताला, अतिदक्षता विभागातल्या पंधरा दिवसांना यातलं काहीच लागू नाही.

आतापर्यंत किमतीचं बोललो. किंमत निदान कागदावर दिसते. त्याहून अवघड दुखणं आहे ते गरजेचं, आणि त्यासाठी ऊसतोड मजुरांच्या बीडला जावं लागतं.

ऊसतोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं, सहा महिने फडात राहायचं. एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी तर जातेच, वर दंड पडतो. पाळीच्या दिवसांत कोपीत ना पाणी, ना आडोसा. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हे घेऊन बाई गावातल्या खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका.’ दोन-तीन मुलं झालेली असतात. पिशवी गेली तर खाडाही टळेल असं तिलाही वाटतं, मुकादमालाही चालतं. ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतून. २०१९मध्ये या बातम्यांनी गदारोळ झाला, तेव्हा विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सहापैकी एकीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट नेमके सारखे नाहीत हे धरलं तरी ही तफावत कशातच बसत नाही.

या व्यवहारात जबरदस्ती कोणी केली नाही. बाईने संमती दिली, डॉक्टरने सेवा दिली, पैसे चुकते झाले. मुक्त बाजाराच्या व्याख्येला हवं ते सगळं इथे आहे. भाव जास्त होता अशीही मुख्य तक्रार नव्हती, त्यामुळे कमाल किंमत ठरवून काहीच साधलं नसतं. उलट स्वस्त झालं असतं तर आणखी पिशव्या गेल्या असत्या. ज्याला ऑपरेशन करून पैसे मिळणार आहेत त्यानेच ऑपरेशनची गरज ठरवायची, आणि जिच्या पोटावर सुरी फिरणार तिला ‘खराब पिशवी’ म्हणजे काय हे तपासायची सोय नाही. यातून जे निष्पन्न व्हायचं तेच झालं. जिल्हा प्रशासनाने मग खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. म्हणजे ज्याला त्या ऑपरेशनमधून काही मिळणार नाही असा दुसरा जाणकार मध्ये उभा केला. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच तक्रारींवरच्या याचिकेत, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. यातल्या छत्तीसगड आणि बिहारच्या तक्रारींत तर पैसे गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेतून गेले होते. सरकारने पैसे भरले म्हणून गरज ठरवण्याचा प्रश्न सुटत नाही, कधी कधी तो वाढतो.

विम्याबद्दल थोडक्यात. खासगी विमा कंपनीला निरोगी माणूस हवा असतो आणि विम्याची निकड असते आजारी माणसाला. म्हणून प्रतीक्षाकाळ, आधीच्या आजारांची चौकशी, वयाबरोबर उड्या मारणारा हप्ता. हा कंपनीचा दुष्टपणा नाही, सगळ्यांना न घेता चालणाऱ्या विम्याची ती प्रकृतीच आहे. बाजारवादी मंडळी ज्या सिंगापूरचं नाव घेतात, तिथे १९८४पासून प्रत्येक नोकरदाराला उपचारांसाठी सक्तीने बचत करावी लागते आणि रुग्णालयांतल्या बहुतांश खाटा सरकारी मालकीच्या आहेत. स्वतःच्या खिशातून द्यावं लागलं की माणूस जपून खर्च करतो, हे खरं आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने हजारो लोकांवर केलेल्या प्रयोगात फुकट उपचार मिळणाऱ्यांपेक्षा पदरचे पैसे मोजणाऱ्यांनी साधारण ३० टक्के कमी सेवा वापरली. मात्र कपात करताना त्यांनी गरजेच्या आणि बिनगरजेच्या उपचारांना सारखीच कात्री लावली. कशावाचून चालेल हे त्यांना तरी कुठे कळणार? भारतात एकूण आरोग्यखर्चातला खिशातून जाणारा वाटा २०१३–१४मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१–२२मध्ये ३९ टक्क्यांवर आला असं सरकारी लेखे सांगतात. तरीही हा वाटा पाचातल्या दोन रुपयांचा आहे.

तर मग भावनियंत्रण? त्याची मर्यादा स्टेंटनेच दाखवली. स्टेंट स्वस्त झाला आणि बिलातल्या इतर ओळी लठ्ठ झाल्याच्या तक्रारी आल्या. फेब्रुवारी २०१८मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा सिरिंज, कॅन्युला अशा किरकोळ वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. औषधं, वस्तू आणि तपासण्या मिळून बिलाचा जवळजवळ निम्मा भाग होता. आतल्याच दुकानातून सगळं घ्यायची सक्ती असली की असं होणारच. या सक्तीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये निकाली काढली, पण थेट मनाई केली नाही. धोरण ठरवणं राज्यांवर सोडलं.

महाराष्ट्राने एकदा याहून पुढचं पाऊल टाकलं होतं. २१ मे २०२०च्या अधिसूचनेने कोविडकाळात खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. एका वस्तूऐवजी दिवसाचा एकत्रित दर ठरवल्यामुळे पळवाटा बऱ्याच बुजल्या. सगळ्या नाही, पीपीई किट बाहेर ठेवलं होतं, तर त्याचीच बिलं फुगली. पण याहून मोलाची गोष्ट म्हणजे मुंबईत महापालिकेने मोठ्या खासगी रुग्णालयांसाठी लेखापरीक्षक नेमले. जादा आकारणी त्यांनी पकडली आणि पेशंटांना पैसे परत मिळाले. वर्षानुवर्षे बिलाच्या खिडकीशी एकटा उभा असणाऱ्या माणसाच्या बाजूला बिल वाचता येणारा कोणीतरी आला होता. ती व्यवस्था साथीबरोबरच गेली.

मागे उरले ते जानेवारी २०२१मध्ये सुधारलेले शुश्रूषागृह नोंदणी नियम. त्यांच्यानुसार प्रत्येक खासगी रुग्णालयाने १५ बाबींचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. दर किती असावेत यावर बंधन नाही. खाटेचा दर वाचून ऑपरेशनचं बिल किती होईल ते कळत नाही, आणि फलक लावला की नाही हे पाहायला महापालिकांकडे, जिल्हा परिषदांकडे माणसं अपुरी आहेत. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने अजून स्वीकारलेला नाही. सरकारी योजनेच्या पेशंटसाठी मात्र हेच राज्य महात्मा फुले योजनेतून शेकडो शस्त्रक्रियांचे एकत्रित दर ठरवतं, ऑपरेशनआधी कागदपत्रं तपासून मंजुरी देतं आणि खासगी रुग्णालयं ते दर मान्य करतात, कुरकुर करत का होईना. म्हणजे कसं करायचं हे सरकारला माहीत आहे. ते दर पुरेसे आहेत का, यावर रुग्णालयांशी भांडावं लागेल आणि तालुक्याच्या ठिकाणी वीस खाटा चालवणाऱ्या डॉक्टरची बाजू त्यात खरी असू शकेल. पण ते भांडण दोन जाणकारांमधलं असेल. आज ते छातीत कळ आलेला माणूस आणि त्याच्या उशाशी उभा असलेला डॉक्टर यांच्यात होतं, आणि त्यातला एक भांडण्याच्या अवस्थेत नसतो.